एलओक्यू १५ : प्रोसेसर मधला घ्यावा, मेमरी जोडीने घ्यावी

लेनोव्होच्या एलओक्यू मालिकेतील १५.६ इंची लॅपटॉप २०२४ साली इंटेलच्या तेराव्या पिढीतील एचएक्स (लॅपटॉपसाठीच्या जोरदार वर्गातील) प्रोसेसरसह बाजारात आला आणि बेतशीर दरातल्या गेमिंग लॅपटॉपची चौकशी करणाऱ्याला दुकानदार जी चार-पाच यंत्रे आधी दाखवतात, त्यांत त्याने आपली जागा पक्की केली. मालिकेचे नाव एकच असले तरी आत काय भरायचे याचे पर्याय इतके आहेत की, दोन मित्रांनी एकाच दुकानातून घेतलेली दोन एलओक्यू यंत्रे खेळायला बसल्यावर अगदी वेगळी वागू शकतात. म्हणून या परीक्षणात मी कळफलक, रंगरूप, ध्वनी यांना फारसा हात लावणार नाही. खरेदीच्या वेळी ज्या दोन रकान्यांपाशी बहुतेकांचे घोडे अडते, त्या प्रोसेसर आणि मेमरी (रॅम) यांच्याविषयीच लिहिणार आहे.

आमच्या घरी आय५-१३४५०एचएक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०५० ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र आहे. १६ जीबीची एकच स्टिक, म्हणजे मेमरीची पट्टी, असलेला पर्याय आम्ही मुद्दाम निवडला होता, म्हणजे दुसरा स्लॉट (स्टिक बसवण्याची जागा) मोकळा राहील. पुढे त्यात तेवढीच दुसरी स्टिक बसवली. माझ्या भाच्याकडे आय७-१३६५०एचएक्स आणि तेच ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून तेच गेम, त्याच सेटिंगवर पाहता आले. १९२० बाय १०८० पिक्सेलचा, १४४ हर्ट्झचा पडदा या दरात चांगलाच म्हणावा लागेल. ६० वॉट-तासांची बॅटरी मात्र एचएक्स प्रोसेसरपुढे फार काळ तग धरत नाही. दिवसभर चार्जरशिवाय महाविद्यालयात मिरवण्यासाठी हे यंत्र घेऊ नये.

प्रोसेसरच्या बाबतीत आपल्याकडे आय३, आय५, आय७ ही चढती भाजणी लोकांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की, तिच्यापुढची पाच आकडी संख्या आणि शेवटची अक्षरे कोणी वाचतच नाही. वास्तविक सगळी खरी माहिती तिथेच असते. या कुटुंबात तीन प्रोसेसर प्रामुख्याने भेटतात. सर्वांत स्वस्त रूपात आय५-१२४५०एचएक्स असतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. त्यात चार परफॉर्मन्स (वेगवान) कोअर आणि चार एफिशियन्सी (कमी विजेवर चालणारे) कोअर आहेत. परफॉर्मन्स कोअर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालवतो आणि एफिशियन्सी कोअर एकच, त्यामुळे एकूण बारा थ्रेड होतात. कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, १२ एमबी. त्याच्या वरच्या आय५-१३४५०एचएक्समध्ये सहा परफॉर्मन्स आणि चार एफिशियन्सी कोअर, म्हणजे सोळा थ्रेड आणि २० एमबी कॅश मिळते. आय७-१३६५०एचएक्समध्ये परफॉर्मन्स कोअर तेच सहा राहतात, एफिशियन्सी कोअर मात्र आठ होतात, थ्रेड वीस होतात, कॅश २४ एमबी होते आणि कमाल वेग ४.६ ऐवजी ४.९ गिगाहर्ट्झ असतो.

ही आकडेवारी शांतपणे वाचली की निवड जवळजवळ आपोआप होते. आजचे बहुतेक गेम आपले जड काम मोजक्या वेगवान कोअरवर टाकतात; पार्श्वभूमीला चालणारी कामे, म्हणजे विंडोजचे अपडेट, डिस्कॉर्डवरचे बोलणे, ब्राउझरचे उघडे टॅब इत्यादी, एफिशियन्सी कोअरकडे ढकलण्याची व्यवस्था विंडोज ११ आणि प्रोसेसर मिळून करतात. त्यामुळे चार परफॉर्मन्स कोअरवरून सहावर जाणे गेममध्ये जाणवते, विशेषतः सायबरपंक २०७७ मधल्या गजबजलेल्या बाजारपेठेत गाडी भरधाव नेताना, जिथे शहरातली माणसे आणि वाहतूक चालवण्याचा भार प्रोसेसरवर येतो. सहा परफॉर्मन्स कोअर कायम ठेवून चार एफिशियन्सी कोअर वाढवल्याने मात्र त्याच प्रसंगात माझ्या डोळ्यांना काहीही वेगळे दिसले नाही. भाच्याचे यंत्र व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना आणि मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना निश्चितच पुढे राहिले; ते काम रोजचे असेल तर आय७ चे दाम वाया जात नाही. केवळ खेळण्यासाठी घेणाऱ्याने मात्र त्या मोहात पडू नये.

यात एक व्यावहारिक अडचण येते. दुकानात आय७ बहुतेकदा आरटीएक्स ४०६० या वरच्या ग्राफिक्स कार्डाच्या जोडीनेच मांडलेला असतो, त्यामुळे ग्राहकाला प्रोसेसरची खरी किंमत वेगळी कळतच नाही आणि ४०६० मुळे मिळालेली गती तो आय७ च्या खात्यावर जमा करतो. आय५-१३४५०एचएक्स आणि ४०६० हा मेळ मिळत असेल, तर या मालिकेतला गेमसाठीचा सर्वांत शहाणपणाचा पर्याय तोच आहे. तो शोधण्यासाठी चार दुकाने जास्त पालथी घालावी लागली तरी घालावीत.

आय५ आणि आय७ या नावांवर किती विसंबावे याचे एक उदाहरण पुरेसे आहे. दुसऱ्या अनेक लॅपटॉपमध्ये आय७-१३६२०एच हा प्रोसेसर असतो आणि त्याची जाहिरात आय७ म्हणून ठळक अक्षरांत होते. त्यात सहा परफॉर्मन्स आणि चार एफिशियन्सी कोअर आहेत, म्हणजे कोअरची मांडणी नेमकी या आय५-१३४५०एचएक्ससारखीच. उलट आय५-१३४२०एच हाही तेराव्या पिढीचा आय५ आहे, पण त्यात परफॉर्मन्स कोअर चारच. दोन आय५ मधले अंतर एका आय५ आणि एका आय७ मधल्या अंतरापेक्षा जास्त असू शकते, ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

एचएक्स या अक्षरांची दुसरी बाजू उष्णतेची आहे. या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा इंटेल ५५ वॉट सांगते आणि क्षणिक कमाल मर्यादा १५७ वॉट. लॅपटॉपच्या पातळ कवचात ग्राफिक्स कार्डही पूर्ण जोराने चालू असताना ही कमाल मर्यादा कागदावरच राहते. दोघांना उष्णता बाहेर टाकायला पंखे तेच आणि तांब्याच्या नळ्याही त्याच. म्हणूनच महागडा प्रोसेसर घेतला तरी गेम चालू असताना त्याला पूर्ण वेगाने धावू दिले जात नाही, आणि आय७ चा वाढीव वेग मुख्यतः ग्राफिक्स कार्ड निवांत असलेल्या कामांत दिसतो. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की, पंख्यांचा वेग तोच असल्यास, आतल्या चिपचे तापमानही जवळपास तेवढेच वर सरकते. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांनी मे महिन्यात दुपारी कूलरशिवाय खेळायला बसून मग यंत्राला नावे ठेवू नयेत. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या अस्थिरतेचा बराच गाजावाजा झाला होता आणि त्याविषयी अजूनही विचारणा होते. लॅपटॉपच्या प्रोसेसरना ती अडचण लागू नाही असे इंटेलने त्याच वेळी स्पष्ट केले होते.

याच मालिकेत एएमडीचे प्रोसेसर असलेली रूपेही आहेत, आणि तिथे फसगत होण्याची शक्यता अधिक आहे. रायझन ७ ७४३५एचएस आणि रायझन ७ ८८४५एचएस ही दोन नावे शेजारी लिहिली तर दोन्हींत रायझन ७ आहे, दोन्हींत आठ कोअर आणि सोळा थ्रेड आहेत. तरीही पहिला झेन ३ प्लस या जुन्या रचनेचा आहे आणि दुसरा झेन ४ चा. चार आकडी संख्येतला तिसरा अंक रचना सांगतो, हे एकदा ध्यानात ठेवले की पुरते: तिथे ३ असेल तर झेन ३ किंवा झेन ३ प्लस, ४ असेल तर झेन ४. पहिला अंक हा केवळ बाजारात आणल्याच्या वर्षाशी जोडलेला असतो, तंत्राशी नव्हे. ७४३५एचएस मध्ये आणखी एक उणीव आहे, ती म्हणजे त्यात अंगचे ग्राफिक्स नाहीत. साधा लेख टंकतानाही मोठे ग्राफिक्स कार्डच जागे राहते, आणि बॅटरी त्याच्या पायी लवकर उतरते. जे यंत्र टेबलावरून हलणारच नाही त्याच्यासाठी, आणि दर खरोखर कमी असेल तर, तो चालून जाईल. ८८४५एचएस मात्र उत्तम प्रोसेसर आहे आणि आय५-१३४५०एचएक्सच्या दरात मिळत असेल तर बॅटरीच्या दृष्टीने मी त्यालाच झुकते माप देईन.

आता मेमरी. माझ्या मते या यंत्राच्या खरेदीत सर्वाधिक विचार हिच्यावर व्हायला हवा, आणि सर्वांत कमी विचार हिच्यावरच होतो. प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला असल्याने तो बदलता येत नाही, रॅम मात्र केव्हाही वाढवता येते, म्हणून आज सगळा पैसा प्रोसेसरवर घालावा आणि ८ जीबीवर भागवावे, हा सल्ला गेली कित्येक वर्षे दिला गेला. स्टिक स्वस्त होत्या तोवर त्यात तथ्य होते. २०२५ च्या अखेरीपासून परिस्थिती पालटली. एआयसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली की सुट्या डीडीआर५ (मेमरीची सध्याची पिढी) स्टिकचे दर झपाट्याने चढले, आणि लॅपटॉपला रॅम घालणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा भरवशाचा असलेला क्रूशल हा ब्रँड ग्राहकांच्या बाजारातून काढून घेत असल्याचे मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. अशा वेळी नंतर घालू म्हणून मेमरीत हात आखडता घेणे महागात पडते. कारखान्यातूनच पुरेशी मेमरी घालून आलेला, जुन्या दरातला साठा दुकानात असेल, तर तो आधी पाहावा.

पुरेशी म्हणजे किती, याचे उत्तर गेमच तयार करणाऱ्यांनी छापून ठेवलेले असते. काउंटर-स्ट्राइक २ किमान ८ जीबी मागतो. रेड डेड रिडेम्प्शन २ किमान ८ आणि शिफारस म्हणून १२ जीबी सांगतो. सायबरपंक २०७७ ची किमान अट २०२३ मध्ये वाढून १२ जीबी झाली आणि शिफारस १६ जीबीची आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ तर किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ जीबी असे सांगून मोकळा होतो. यात विंडोज ११ स्वतःसाठी घेते त्या तीन-चार जीबी आणि ब्राउझर, डिस्कॉर्ड, रेकॉर्डिंग यांची भर लक्षात घेतली की ८ जीबी हा पर्याय आज गेमिंग लॅपटॉपमध्ये असूच नये असे मला वाटते. मेमरी भरली की विंडोज उरलेला माल एसएसडीवर, म्हणजे फायली कायमच्या साठवणाऱ्या डिस्कवर, हलवू लागते. एसएसडी कितीही वेगवान असली तरी मेमरीतून माहिती येण्याचा काळ नॅनोसेकंदांत मोजतात आणि एसएसडीतून येण्याचा मायक्रोसेकंदांत, म्हणजे फरक हजारपटींच्या घरातला. हा फरक सरासरी फ्रेमच्या (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या) आकड्यात फारसा उमटत नाही; तो वळणावर गाडी फिरवताना किंवा दार उघडून नव्या खोलीत शिरताना बसणाऱ्या हिसक्याच्या रूपाने उमटतो. १४४ हर्ट्झवर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम ७ मिलिसेकंद येतात, त्यामुळे एसएसडीकडे झालेल्या फेऱ्या साचल्या की एखादी फ्रेम हमखास चुकते.

एलओक्यूच्या काही स्वस्त रूपांत १२ जीबी मेमरी असते, आणि ग्राहक तो आकडा पाहून ८ आणि ४ अशा दोन स्टिक असतील असे धरून चालतो. डीडीआर५ मध्ये १२ जीबीची एकसंध स्टिकही मिळते, त्यामुळे एक स्लॉट रिकामा असू शकतो. ते वाईटच असे नाही. पुढे तशीच दुसरी घालून २४ जीबीची बरोबरीची जोडी करता येते. मात्र आहे त्या अवस्थेत ते यंत्र एकाच चॅनलवर, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसर यांच्यातल्या एकाच मार्गावर, चालणार, हे माहीत असलेले बरे.

या चॅनलच्या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण दुकानांतून नेमके इथेच चुकीचे ऐकायला मिळते. डीडीआर५-४८०० ची एक स्टिक सेकंदाला ४८० कोटी वेळा, दर खेपेला ८ बाइट, या हिशेबाने ३८.४ जीबी माहिती पोचवू शकते. समान आकाराच्या दोन स्टिक दोन स्लॉटमध्ये असतील तर प्रोसेसर दोघींकडून एकाच वेळी घेतो आणि ही क्षमता ७६.८ जीबी होते. जागा दोन्ही वेळा १६ जीबीच असेल, पण एकच १६ की दोन ८, यावर वाहतुकीचा रस्ता निम्मा की पूर्ण हे ठरते. एका विक्रेत्याने मला अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले की, डीडीआर५ ची एकच स्टिक आतून ड्युअल चॅनल असते, दुसरीची गरज नाही. यातला अर्धा भाग खरा आहे: डीडीआर५ ने प्रत्येक स्टिकचा ६४ बिटांचा मार्ग ३२-३२ बिटांच्या दोन उपमार्गांत विभागला. परंतु विभागणीने बेरीज वाढत नाही. एका स्टिकची रुंदी ६४ बिटच राहते. सीपीयू-झेड हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर उघडून मेमरीच्या टॅबमध्ये पाहिले तर एका स्टिकवर २ गुणिले ३२ बिट आणि दोन स्टिकवर ४ गुणिले ३२ बिट असे स्वच्छ लिहिलेले दिसते.

आमच्या यंत्रात दुसरी स्टिक घातल्यावर सरासरीपेक्षा सलगपणात पडलेला फरक मोठा वाटला. ज्या गेममध्ये ग्राफिक्स कार्डच थकलेले असते, म्हणजे रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचे जड गणित) लावलेला सायबरपंक, तिथे सुधारणा किरकोळ होती. ज्यांत प्रोसेसरला दर फ्रेमला धावपळ करावी लागते, म्हणजे व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे उच्च फ्रेमदराचे गेम, तिथे धूर, स्फोट आणि पाच-सहा खेळाडू एकाच जागी आल्यावर पूर्वी बसणारी अडखळण जवळजवळ गेली. शिवाय हायब्रिड मोडमध्ये ग्राफिक्स कार्डाने काढलेले चित्र प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समार्फत, म्हणजे मुख्य मेमरीतून, पडद्यापर्यंत जाते. एका चॅनलवर त्या अरुंद रस्त्यावर आणखी एक वर्दळ वाढते. एलओक्यूमध्ये ग्राफिक्स कार्ड थेट पडद्याला जोडण्याची सोय आहे. गेमसाठी ती चालू ठेवावी आणि नुसते वाचन-लेखन करताना बॅटरीसाठी पुन्हा हायब्रिडवर यावे.

जोडी घेताना ८ अधिक ८ की १६ अधिक १६, हा प्रश्न केवळ जागेचा नाही. ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर साधारणपणे चारच रुंद चिप असतात आणि त्या प्रकारच्या चिपमध्ये बँकांचे (माहिती साठवणाऱ्या कप्प्यांचे) गट १६ जीबीच्या स्टिकवरच्या चिपपेक्षा निम्मे असतात, त्यामुळे तोच वेग छापलेला असूनही १६ ची जोडी किंचित सरस ठरते. फरक थोडाच आहे. केवळ त्यासाठी खिशाला चाट लावण्याचे कारण नाही. १६ आणि ८ अशी विषम जोडी घातली तर पहिल्या १६ जीबीपर्यंत, म्हणजे दोन्हींतल्या आठ-आठवर, दुहेरी मार्ग मिळतो आणि उरलेली ८ एकेरी चालते. घरात ८ ची स्टिक पडून असेल तर हा उपाय अजिबात त्याज्य नाही.

वेगाच्या आकड्याला मात्र भुलू नये. या यंत्रात मेमरी ४८०० वर चालते. ५६०० ची स्टिक आणून घातली तरी ती ४८०० वरच उतरते. दरात फरक नसेल तर ५६०० ची खुशाल घ्यावी, पुढच्या यंत्रात कामी येईल, पण आज त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. जुनी डीडीआर४ ची स्टिक यात बसत नाही: तिला २६० पिना, हिला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी. डीडीआर४ असलेले जुने मॉडेल सवलतीत मिळत असेल तर केवळ मेमरी जुनी म्हणून ते नाकारावे असेही मी म्हणणार नाही. सर्वसाधारण डीडीआर४-३२०० चा प्रतिसाद साधारण डीडीआर५-४८०० पेक्षा मंद नसतो, उलट किंचित लवकर येतो. डीडीआर५ ची सरशी एकावेळी वाहून नेल्या जाणाऱ्या मालाच्या परिमाणात आहे. याउलट आसुसच्या २०२४ च्या झेफिरस जी१४ सारख्या सडपातळ यंत्रांत एलपीडीडीआर५एक्स मेमरी थेट बोर्डवर सोल्डर केलेली असते. तिथे घेताना जे घ्याल तेच शेवटपर्यंत, त्यामुळे १६ जीबीवर समाधान मानण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. एलओक्यूचे स्टिक बदलता येणारे दोन स्लॉट ही या दृष्टीने मोठीच जमेची बाजू आहे. अधिकृत मर्यादा ३२ जीबीची आहे आणि खेळणाऱ्या माणसाला ती कमी पडेल असे दिवस अजून आलेले नाहीत.

स्टिक घालण्याचे काम अवघड नाही, मात्र घाईचेही नाही. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मागचे स्क्रू सोडवावेत. ते सगळे एकाच लांबीचे असतीलच असे नाही, म्हणून ज्या जागचे त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. झाकणाच्या कडेला जुने प्लास्टिकचे कार्ड सरकवत नेले की खटके एकेक करून सुटतात. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर कडेवर कायमचा व्रण राहतो. आत शिरल्यावर आधी बॅटरीची जोडणी काढावी. स्टिक तिरकी धरून सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत स्लॉटमध्ये ढकलावी आणि मग खाली दाबावी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक आवाज करून बसतात. यानंतर यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहतो. नव्या मेमरीशी जुळवून घेण्याची ही डीडीआर५ ची रीत आहे. एखाद-दोन मिनिटे काहीच दिसले नाही तरी बटण दाबून यंत्र बंद करू नये. पुढे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर दोनपैकी दोन स्लॉट वापरात आणि वेग ४८०० असे दिसले की काम झाले. तिथेच थोडी मेमरी राखीव दाखवलेली असते. ती अंगच्या ग्राफिक्ससाठी आणि यंत्रणेसाठी असते, स्टिकमध्ये खोट नसते.

याच टास्क मॅनेजरच्या आणखी एका आकड्यावरून ग्राहकांना चकवले जाते. ग्राफिक्सच्या पानावर कार्डाची स्वतःची मेमरी आणि शेअर केलेली मेमरी अशा दोन ओळी असतात. शेअर केलेला आकडा म्हणजे मुख्य मेमरीच्या सुमारे निम्मा भाग. १६ जीबीच्या यंत्रात ४०५० चे ६ आणि हे ८ मिळवून १४ जीबी ग्राफिक्स आहे असे सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. ४०५० ची अंगची मेमरी सेकंदाला १९२ जीबी गतीने चालते. ती भरून गेल्यावर उरलेला माल पीसीआय-एक्सप्रेसच्या मार्गे मुख्य मेमरीत जातो आणि तो मार्ग तिच्या पासंगालाही पुरत नाही. ६ जीबीच्या कार्डावर टेक्स्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) सेटिंग एक पायरी खाली ठेवावी, हा त्यावरचा साधा उपाय. ४०६० मध्ये ८ जीबी आणि २५६ जीबी गती आहे. म्हणूनच प्रोसेसरमधून वाचलेला पैसा आधी कार्डात आणि मग मेमरीच्या जोडीत घालावा, असा क्रम मी लावतो.

या क्रमाने पाहता, फक्त स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला आय५-१३४५०एचएक्स, ४०५० आणि ८ अधिक ८ ची जोडी पुष्कळ झाली. मोठे, कथानक असलेले गेम खेळणाऱ्याने तोच प्रोसेसर ठेवून ४०६० घ्यावे आणि जमल्यास १६ अधिक १६ करावे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी दिवसा अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर चालवत असेल, दोन-दोन व्हर्च्युअल मशीन उघडत असेल आणि रात्री खेळत असेल, तर ३२ जीबी ही त्याची चैन नसून गरज आहे, आणि आय७ खऱ्या अर्थाने वापरणारा ग्राहकही तोच. आय५-१२४५०एचएक्सचे रूप मी आरटीएक्स ३०५० सोबत आणि दर बराच खाली असेल तरच सुचवेन. ४०५० सोबत त्या प्रोसेसरवर पैसे वाचवणे मला पटत नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या किंवा घरबसल्या मागवा, खोक्यावरच्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक ताडून पाहावा, कारण आय५ आणि १६ जीबी एवढेच लिहिलेल्या बिलावरून पुढे काहीही सिद्ध होत नाही. प्रोसेसरचे पाचही आकडे, शेवटची अक्षरे, मेमरीच्या स्टिकची संख्या आणि प्रत्येकीची क्षमता बिलावर लिहून मागावी. विक्रेता स्वतः दुसरी स्टिक घालून देत असेल तर ती कंपनीची मूळ आहे की बाहेरची आणि तिची हमी कोण देणार, हेही त्याच कागदावर यावे. मेमरी वाढवल्याने सर्वसाधारणपणे यंत्राची हमी जात नाही, परंतु उघडताना मोडलेला खटका किंवा तुटलेली जोडणी हमीत बसत नाही. दुकानातच यंत्र सुरू करून टास्क मॅनेजरचे ते पान पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि माल परत करण्याचा प्रश्न उद्भवलाच तर तो काउंटर सोडण्याआधी निकाली निघतो.